कार्डाचा उजवा कोपरा

पांढरकवडा
१४ जून २०२४

प्रा. डॉ. जया आडे यांस,

'यांस' एवढ्यापुरतंच. पुढे मी तुला तूच म्हणणार आहे. जिच्या प्रबंधातले फालतू 'खरे तर' आणि 'वस्तुतः' मी चार वर्षं लाल पेनाने खोडत बसलो, तिला या वयात तुम्ही म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

तेरा वर्षांनी पत्र येतंय म्हणून घाबरू नकोस. मी मेलेलो नाही, आजारीही नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आमची ही, म्हणजे तुम्हा पोरांची बेबीताई, बरी आहे, गुडघे तेवढे धरतात.

तर कारण असं. माझी नात खुशी यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता नव्या धोरणात पोरांना प्रकल्प लिहायचा असतो, आणि तो कसा लिहायचा यासाठी त्यांच्या कॉलेजने एक पुस्तक लावलंय, 'शोधलेखनाची बांधणी'. लेखिका तू. सुट्टीत ती ते घेऊन आली आणि दोन दिवस वाचून मला म्हणाली, "आबाजी, हे तर तुम्ही मले सांगता तेच हाय सगळं. मंग तुमचं नाव काहून नाही यात?"

काय सांगू मी तिला?

मी चष्मा पुसून पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी चौकोनी कापून त्यांची टिपणकार्डं करायची, हे माझं. अख्ख्या केळापूर तालुक्याच्या पत्रिका माझ्याकडे जमायच्या, हे तू विसरलेली नाहीस, कारण पान बारावर तेच लिहिलंयस, फक्त 'काही ठिकाणी अशी पद्धत होती' असं. काही ठिकाणी! ते ठिकाण म्हणजे माझा ओटा होता. डाव्या कोपऱ्यात विषय आणि उजव्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, हे माझं. उजवा कोपरा भरल्याशिवाय कार्ड खोक्यात जाणार नाही, हेही माझं. एका प्रकरणाला चपलांचं एक खोकं, हे माझं. आणि पान चौतीसवरचा घंटीचा नियम, ज्याच्यावर सगळी पोरं खूश आहेत म्हणे, तो तर सबंध जिल्ह्यात झाडे सरांचा म्हणून ओळखला जायचा. पहिल्या परिच्छेदावर ओझं कमी ठेवा आणि घंटी मोठी बांधा, म्हणजे वाचणारा मागे येतो. जड माल मधल्या प्रकरणांवर लादा. बावीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची सात वर्षं मी हे प्रत्येक वर्गात सांगितलं.

ऋणनिर्देशात तू अठरा नावं लिहिली आहेस. त्यात पुण्याच्या ग्रंथालयातला शिपाई आहे. मी नाही. पुस्तकभर माझा उल्लेख कुठेच नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात मांडतो, कारण तेही मीच शिकवलं होतं. दुसरी आवृत्ती निघते आहे असं प्रकाशकाच्या जाहिरातीत वाचलं, त्या आवृत्तीत माझं नाव आलं पाहिजे. नाही आलं तर मी प्रकाशकाला लिहीन.

वामनराव झाडे


पांढरकवडा
६ जुलै २०२४

जया,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. ठीक. तू उत्तर द्यायला वेळ घेतेस हे मला माहीत आहे. प्रबंधाचा विषय एका वाक्यात सांग म्हटलं तेव्हा तू अकरा दिवस घेतले होतेस. शेवटी बसस्टँडवर मुकुटबनची गाडी लागली असताना खिडकीतून ओरडून सांगितलंस, "सर, लदेणी बंद झाल्यावर बायांच्या कामाचं काय झालं, हे मले शोधायचं हाय!" कंडक्टर हसला. मी तिथेच उभ्या उभ्या तिकिटाच्या मागे ते लिहून घेतलं. बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचा बंजाऱ्यांचा धंदा, तोच थांबल्यावर बाईच्या वाट्याला काय आलं? चांगला प्रश्न होता. तुझ्या पुस्तकात 'प्रश्न एका वाक्यात मांडा' यावर चार पानं आहेत आणि हा किस्सा नाही.

आता चुका सांगतो, दुसऱ्या आवृत्तीत कामी येतील.

तिसऱ्या प्रकरणात तू पोरांना सांगतेस की आधी आराखडा करा आणि मग कार्डं त्यात बसवा. उलटं आहे. कार्डं आधी जमिनीवर पसरायची, त्यांच्याभोवती दोन दिवस फिरायचं, मग कोणती कोणाशेजारी जातात ते दिसतं. तू माझ्या ओट्यावर दोनशे कार्डं मांडली होतीस आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून बेबीताईने डब्यातले चिंचोके आणि गोट्या आणून दिल्या होत्या. संध्याकाळी तू म्हणालीस, "सर, माह्या याडीची कार्डं सगळ्या प्रकरणात जाऊन राह्यली. तिचं एक प्रकरणच नाही होत." मी म्हटलं, म्हणजे तुझी आईच तुझ्या प्रबंधाचा कणा आहे. आठवतं?

पाचव्या प्रकरणात संदर्भसूची शेवटी करा म्हणतेस. कधीही नाही. ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी लिहायचं. शेवटावर टाकलं की माणसं गळतात.

बाकी भाषा बरी आहे. वाक्यं लहान ठेवलीस. 'वस्तुतः' एकदाही नाही.

पान अठ्ठावन्नबद्दल आत्ता काही लिहीत नाही. ते तू मुद्दाम लिहिलंयस.

नाव येणार की नाही, एवढंच कळव.

वामनराव


पांढरकवडा
३० जुलै २०२४

जया,

मिळालं तुझं उत्तर. प्राध्यापकीणबाईंना पत्र लिहायला वेळ नाही, म्हणून खुशीच्या मोबाइलवर एक ओळ पाठवलीस. पुस्तकाच्या मागे तुझा ईमेल होता, पोरीने आपणहून लिहिलं होतं म्हणे. ती ओळ तिनेच मला मोठ्याने वाचून दाखवली: 'सर, घंटीचा नियम तुम्ही कोणाकडून ऐकला? नाव, गाव, तारीख.'

माझाच कोपरा माझ्यासमोर धरलास. छान.

सांगतो. नाव: माझे वडील, कै. सीतारामजी झाडे. गाव: कळंब. तारीख नक्की नाही, पण मी चौथी-पाचवीत असेन. आमच्याकडे बैलजोड्या होत्या. वडील पुढच्या बैलाला घंटी बांधताना म्हणायचे. झालं समाधान?

आता पान अठ्ठावन्न. तिथे तू लिहिलंयस: 'एखाद्या कार्डाचा कोपरा सरळ रेषेत कापलेला दिसला तर ते उंदराचं काम नसतं, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावं.' पोरांना वाटत असेल, बाईंनी गंमत केली. खुशीला तसंच वाटलं, ती हसली. मी हसलो नाही. तेरा वर्षांत तुला माझ्याबद्दल लिहावंसं वाटलेलं हे एकच वाक्य, आणि तेही नाव न घेता!

त्या वेळी मी सांगितलं होतं आणि आत्ताही तेच सांगतो, विभागाच्या खोलीत उंदीर होते. सगळ्यांना माहीत होतं. तू दारात उभी राहून खोकं उघडलंस, एकेक कार्ड वर धरलंस आणि विचारलंस, "सर, उंदीर पट्टी लावून कुरतडते का?" शिपायादेखत. विद्यार्थिनीने मार्गदर्शकाला असं विचारायचं असतं का? मी तुझ्यासाठी काय केलं नाही? तुझी फेलोशिपची कागदपत्रं घेऊन मी स्वतः विद्यापीठात तीन खेपा घातल्या. तांड्यावरच्या पोरीला हे झेपेल का असं विभागात कुजबुजणाऱ्यांची तोंडं मी बंद केली. याचं एकही कार्ड तुझ्या खोक्यात नाही का?

प्रकाशकाला लिहायचं पत्र तयार आहे. टपालात टाकायचं बाकी आहे.

वा. झाडे


पांढरकवडा
२ सप्टेंबर २०२४, पोळा

जया,

मागचं पत्र मी टपालात टाकायला निघालो तेव्हा बेबीताईने विचारलं, एवढं काय लिहिलंत. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या बाबांकडं बैल कवा होते? ते तर पोस्टात होते."

तरी मी ते टाकलं. हे तुला कळावं म्हणून लिहितोय. खोटं आहे हे माहीत असताना, बायकोने तोंडावर सांगितल्यावर, छत्री घेऊन अर्धा किलोमीटर चालत जाऊन टाकलं. महिनाभर ते पत्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आज सकाळपासून रस्त्याने सजवलेले बैल जाताहेत. प्रत्येक घंटीला मी दारात येतोय आणि परत आत जातोय. बेबीताई बघतेय. तेव्हा आता लिहूनच टाकतो, आणि या वेळी उजवा कोपरा भरून.

नाव: रुक्माबाई शंकरसिंग आडे. गाव: मुकुटबनजवळचा तुमचा तांडा. तारीख: १२ फेब्रुवारी २००९.

मी त्या दिवशी तुझ्यासोबत होतो. तुझी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तू विचारलंस की लदेणीत बाया काय करायच्या, आणि ती हात न थांबवता सांगत गेली, सासूने तिला सांगितलेलं. "पुढच्या बैलावर वझं कमी राहाते, सर, आन घंटी मोठी. त्याले फकत वाट दाखवाची असते. मागचे घंटीच्या मागं चालतात. भारी माल मंधातल्या बैलांवर. आन कोणत्या बैलावर काय लादाचं, हे बाई ठरवे. माणूस फकत हाकलत जाये." तू कार्डावर लिहीत होतीस. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, हे तर लिहिण्याचंच सांगतेय ही. पुढच्या सोमवारी मी ते वर्गात सांगितलं. रुक्माबाईंचं नाव घेतलं नाही. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, एकाने टाळी वाजवली. मला फार बरं वाटलं होतं.

तिथून सगळं सोपं होत गेलं. माझ्या पदोन्नतीच्या फाइलला एक लेख कमी पडत होता. तुझी खोकी माझ्या कपाटात होती, तपासायला दिलेली. मी तुझ्या आईची सतरा कार्डं काढली, ओळीने लावली आणि लेख तयार झाला. टायपिंगला बबलूकडे द्यायचा होता. तुला बबलू ठाऊक आहे, पुढ्यात ठेवाल ते अक्षर न् अक्षर टाइप करणारा माणूस, शिवाय तुमच्याच तांड्याकडचा. कार्डं तशीच दिली असती तर त्याने नावंही टाइप केली असती आणि संध्याकाळी तुझ्या बापाला सांगितलंही असतं. म्हणून मी पट्टी ठेवून कात्रीने सतरा उजवे कोपरे कापले. लेखात लिहिलं, 'एका वृद्ध बंजारा स्त्रीच्या मते'. वृद्ध! तिने तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

मी निघताना तिने मला विचारलं होतं, "सर, माह्यं नाव येईन का छापून?" मी म्हणालो होतो, येईल ना, का नाही येणार. ती साक्षरता वर्गात फक्त सही शिकली होती, स्वतःच्या नावाचा आकार तिला ओळखता यायचा. लेख छापून आल्यावर तू तो तिच्यापुढे वाचलास आणि ती म्हणाली, माह्या नावावर बोट ठेव. हे तूच मला कॉलेजच्या व्हरांड्यात सांगितलंस, रडत नव्हतीस, नुसतं सांगत होतीस. मी म्हणालो, जया, संशोधनात निवेदकाचं नाव गुप्त ठेवायची पद्धत असते. पद्धत असते! निवेदकाने तसं सांगितलं तर असते. हेही मीच तुला शिकवलं होतं.

आणि २०११ ची तोंडी परीक्षा. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, बेबीताईलाही नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा लेख वाचला होता. त्यांनी तुझा प्रबंध उघडून विचारलं, हा मजकूर तुमच्या मार्गदर्शकांच्या लेखातून संदर्भ न देता घेतलेला दिसतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होतो, एक हात लांबही नव्हतो. तू दहा-बारा सेकंद वाट पाहिलीस. मी म्हणालो, "विद्यार्थ्यांकडून अशा गोष्टी राहून जातात. ती संदर्भ टाकेल." तू टाकलास. आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयात तुझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तुझ्या स्वतःच्या आईच्या बोलण्याखाली लिहिलेलं आहे: झाडे वामनराव, पृ. ११२.

त्यानंतर तू पेढे घेऊन आली नाहीस. मी बेबीताईला म्हणालो, पोरगी कृतघ्न निघाली. दोन-चार वर्षांनी रुक्माबाई गेल्याचं बबलूकडून कळलं, तेव्हाही मी आलो नाही.

सोबत पाकीट आहे. त्यात ते कापलेले सतरा कोपरे आहेत. मी आयुष्यात कागदाचा कपटा टाकलेला नाही, शब्दकोशात जपून ठेवले होते. अक्षर तुझं आहे. घंटीचं कार्डही आहे, ते तेवढं मी परत दिलं नव्हतं. वर्गात वाचून दाखवायला लागायचं.

प्रकाशकाचं पत्र फाडलं. ऋणनिर्देशात माझं नाव नको. मागितलं होतं ते परत घेतो.

वामनराव झाडे


पांढरकवडा
९ मार्च २०२५

जया,

पुस्तक मिळालं. दुसरी आवृत्ती. आत चिठ्ठी शोधली, नव्हती. नसणारच.

ऋणनिर्देश आधी उघडला, सवयीने. एकोणीस नावं झाली आहेत. एकोणिसावं बबलूचं आहे, तारखा पडताळून दिल्याबद्दल. माझं नाही. मीच नको म्हणालो होतो, तरी दोनदा वाचलं. माणूस सुधारत नाही.

मग पान चौतीस. तिथे आता त्या कार्डाचं छायाचित्र आहे, कापलेला कोपरा चिकटपट्टीने जागेवर लावलेला. जोड दिसते. खाली लिहिलंय: 'निवेदक: रुक्माबाई शंकरसिंग आडे. मुलाखत, १२ फेब्रुवारी २००९. संकलन: जया आडे.' आणि त्याखाली तळटीप: 'हेच निवेदन झाडे वामनराव यांनी जानेवारी २०१० च्या लेखात (पृ. ११२) निवेदक व संकलक यांची नावे काढून स्वतःच्या नावे प्रसिद्ध केले. नावे काढल्याचे त्यांनी २ सप्टेंबर २०२४ च्या पत्रात मान्य केले आहे.'

म्हणजे आलं माझं नाव. मला वाटलं होतं, एवढं सगळं कबूल केल्यावर तू निदान एवढं झाकशील. मी रागावलो. दोन दिवस तुला मनातल्या मनात वाट्टेल ते बोललो. म्हाताऱ्या माणसाचं खासगी पत्र छापतात का? मग लाल पेन घेऊन बसलो की कुठेतरी चूक सापडेल. पृष्ठक्रमांक बरोबर. महिना बरोबर. आडनाव आधी, मग नाव. एक विशेषण नाही, 'चोरले' असाही शब्द नाही. मी शिकवली होती तशी तळटीप आहे. पेन ठेवून दिलं.

काल खुशी आली होती. तिचा प्रकल्प गावातल्या बायांच्या कामावर आहे आणि तिने त्यात पान चौतीस घेतलंय. संदर्भसूची माझ्याकडून तपासून हवी होती. म्हणाली, "आबाजी, तुम्ही सांगा, मी लिहिते."

मी सांगायला लागलो. आडे, रुक्माबाई शंकरसिंग. मुलाखत. तारीख. संकलन, जया आडे. तिने लिहिलं आणि विचारलं, "आन हे खालचं बी लिहू का, झाडे वामनराववालं?" तिचं पेन थांबलं. ती पुस्तकाकडे पाहत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मी चौदा वर्षांपूर्वी एकदा पाहिलेलं होतं, एका हाताच्या अंतरावरून.

"आबाजी, हे..."

"हो," मी म्हणालो. "मीच. लिही. झाडे, वामनराव. जानेवारी दोन हजार दहा. पृष्ठ एकशे बारा."

तिने लिहिलं. नंतर जेवायला थांबली नाही, दुपारच्याच बसने गेली.

वामनराव झाडे